राणीचा रंग

आमच्या मावळात गाड्यांना नंबर नव्हते, रंग होते. वडगाव ते कामशेत या पट्ट्यातली गावं रुळाला चिकटलेली. गावात घड्याळ एखाददुसरं, पण वेळ सगळ्यांना कळायची. "पाशिंजर गेली, भाकरी बांधा," "मेल गेली, दिवा लावा," असं चालायचं. लांबून गाडी दिसली की मालगाडी का पाशिंजर हे पोरं सांगायची आणि पैजा लावायची. या सगळ्यांत एक गाडी अशी होती, की ती आली म्हणजे खुरपं हातात धरलेली बाईसुद्धा उठून उभी राहायची. ती डेक्कन क्वीन. पुण्यामुंबईचे लोक तिला दख्खनची राणी म्हणायचे. आमच्यात नुसतं 'राणी'.

राणी आमच्या स्टेशनात कधी थांबली नाही. सकाळी मुंबईकडे जायची, संध्याकाळी पुण्याकडे यायची. आमच्या वाट्याला तिचं दर्शन मिनिटभराचंही नव्हतं. पण तेवढ्यात जे दिसायचं त्यावर घरात वर्षानुवर्षं बोलणं चालायचं आणि त्या बोलण्यात एक वाद हटकून निघायचा: राणीचा रंग कोणता?

माझी आजी सांगायची, राण्या दोन होत्या. राणी पहिल्यांदा धावली १ जून १९३० ला. आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन या गावात आलेली, वय तेरा-चौदाचं. राब भाजून झालेले, पावसाची वाट बघणं चाललेलं. तेव्हाचं ती सांगायची, "अरं, येक व्हती कल्हई लावल्यागत. पांढरीफेक, चकचकीत, आन् अंगावर लाल रेघा. दुसरी निळी. निळ्या लुगड्याला जरीचा काठ असतो का न्हाई, तशी." मोठी माणसं हसायची. आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते तर म्हणायचे, "वहिनी, राजाला दोन राण्या असत्यात, रेल्वेला न्हाई." आजी गप्प बसायची आणि परत विषय निघाला की परत तेच सांगायची. एक अक्षर बदलायची नाही.

वडील रेल्वेत गँगमन. त्यांचं म्हणणं तिसरंच. ते रुळावर बसून काम करणारे, त्यामुळे गाडी त्यांना खालून दिसायची. "गाडीचा रंग खिडकीपात्तूर खरा. खाली समद्या गाड्या येकाच जातीच्या," असं म्हणायचे. ब्रेक लागला की बिडाचे ठोकळे चाकाला घासतात आणि त्याची तांबूस भुकटी उडून डब्याच्या खालच्या अंगावर बसते, हे मला पुढे कळलं. वडिलांनी ते रोज अंगावर झेललेलं होतं.

मी स्वतः पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, शाळेच्या भिंतींवरचे नकाशे, निवडणुकीची चिन्हं, असं सगळं रंगवत हात तयार झाला. फ्लेक्स आला आणि ब्रशाला काम उरलं नाही. तेव्हा मी लहान डबे करायला बसलो. प्लायवूड आणि माउंटबोर्ड कापायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं आणि रंग द्यायचा. माप १:८७ चं, म्हणजे खऱ्या डब्याचा सत्त्याऐंशीवा भाग. जगभर छोट्या रेल्वे करणारे बहुतेक लोक याच मापात काम करतात. सुतारकाम जमलं, चाकं विकत मिळाली. अडलं ते रंगापाशी, आणि रंगातच तर माझं सगळं आयुष्य गेलेलं.

अडलं म्हणजे असं, की राणीचा डबा करायचा तर तो कोणत्या रंगाचा? आजीचा कल्हईचा, का आजीचाच निळा? का मी लहानपणापासून पाहिलेला निळा-पिवळसर? हा प्रश्न घेऊन मी वाचायला लागलो. रेल्वे दर १ जूनला राणीचा वाढदिवस करते, तेव्हा तिचा इतिहास वर्तमानपत्रांत छापून येतो. त्यात सरळ लिहिलेलं सापडलं. १९३० साली राणीसाठी सात-सात डब्यांचे दोन संच केले होते. एक संच चंदेरी, त्यावर शेंदरी-लाल पट्ट्या. दुसरा गर्द निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडातून आलेल्या आणि वरचे सांगाडे जी.आय.पी. रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात बांधलेले.

कल्हई आणि लाल रेघा. निळं लुगडं आणि जरीचा काठ. आजीने शाळा पाहिली नव्हती. तिने 'सिल्व्हर' आणि 'रॉयल ब्लू' हे शब्द ऐकले नव्हते. तिच्याकडे घरात होते ते शब्द होते: परात, कल्हई, लुगडं, काठ. त्या शब्दांत तिने दोन्ही संच चुकारतट्टूपणा न करता जसेच्या तसे नोंदवून ठेवले होते. तात्या तोवर गेले होते, आजीही गेली होती. वाद मिटला, पण ऐकायला वादातलं कुणी उरलं नव्हतं.

त्या छापील इतिहासात आणखी एक ओळ होती. ती मी दोनदा वाचली. राणीला सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग नव्हताच. १ जानेवारी १९४९ ला पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणायला लागले. तिसरा वर्ग राणीला पहिल्यांदा जोडला तो जून १९५५ मध्ये. म्हणजे सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षं.

आता आमच्या गावात पहिल्या-दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढणारा कोण होता? पाटलांच्या घरातलं कुणी एखाद्या वेळी काढत असेल तर असेल. बाकी सगळं गाव तिसऱ्या वर्गाचं. पुण्याला दूध घालायला, मुंबईला गिरणीत, गोदीत, सगळे तिसऱ्या वर्गाने. पंचवीस वर्षं राणी आमच्या शेताजवळून जात राहिली आणि तिच्यात आमच्यासाठी बाकच नव्हतं. आतली गादी कशी, पंखा कसा, जेवणाच्या डब्यात काय मिळतं, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमच्या वाट्याला राणीचा एकच भाग आला होता, तो म्हणजे बाहेरचा रंग. म्हणून तो आजीने इतका जपून ठेवला असावा.

हे कळल्यावर डब्याला रंग देणं ही नुसती हौसेची गोष्ट राहिली नाही. तो रंग खराच असायला हवा, असं वाटू लागलं. मग मी काही नियम करून घेतले. ते इथे लिहितो, कारण असं काम करणारी पोरं आता गावोगावी आहेत आणि त्यांना उपयोग होईल.

पहिला नियम, रंगाआधी साल. "डेक्कन क्वीनचा रंग कोणता?" या प्रश्नाला उत्तर नाही. "१९३० ची?" म्हटलं की दोन उत्तरं आहेत. "१९६६ नंतरची?" म्हटलं की वेगळं. १९६६ साली जुने डबे काढून पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे पोलादी डबे आले आणि रंग झाला मलईसारखा फिकट पिवळसर व गडद निळा. डबेही सातावरून बारा झाले. अलीकडे, जून २०२२ मध्ये, एलएचबी बनावटीचे डबे आले आणि राणी हिरवी झाली, लाल आणि पिवळ्या पट्ट्यांची. ही सगळी राणीच. माझ्या घरी डबे बघायला आलेला पुण्याचा एक पोरगा चंदेरी डबा बघून म्हणाला, "काका, राणी तर निळी-पांढरी असते." मी विचारलं, "कोणत्या सालची?" तो म्हणाला, "म्हणजे, माझ्या लहानपणची." प्रत्येकाची राणी त्याच्या लहानपणचीच असते. त्यात वाईट काही नाही, फक्त साल सांगायला हवं.

दुसरा नियम, रंग आणि अंग बरोबर जायला हवं. बाजारात मिळणारे बरेच तयार डबे पेरांबूरच्या धर्तीचे असतात. तो कारखाना सुरू झाला २ ऑक्टोबर १९५५ ला. त्या अंगावर १९३० चा चंदेरी रंग चढवला तर नातवाला पणजोबांचं पागोटं घातल्यासारखं दिसतं. खरा पेरांबूरचा डबा सुमारे २१.३ मीटर लांब, तो १:८७ ला साडेचोवीस सेंटिमीटर भरतो. एलएचबीचा साधारण साडेतेवीस मीटरचा, तो सत्तावीस सेंटिमीटरचा होतो. दोन्ही शेजारी ठेवले की अडीच सेंटिमीटरचा फरक डोळ्याला खुपतो. म्हणून हिरवी राणी करायची तर डबा लांब कापावा लागतो आणि चंदेरी राणी करायची तर जुना सांगाडा फोटो बघून मुळापासून करावा लागतो.

तिसरा नियम अक्षरांचा. मी पेंटर असल्यामुळे माझी नजर आधी अक्षरांवर जाते. मध्य रेल्वे जन्माला आली ५ नोव्हेंबर १९५१ ला. त्याआधी हा मार्ग जी.आय.पी.चा. तेव्हा डब्यावर 'मध्य रेल्वे' किंवा 'म.रे.' लिहिलं असेल तर तो डबा त्या तारखेच्या नंतरचाच. तसंच वर्गाचं. तिसऱ्या वर्गाला दुसरा म्हणायला लागले एप्रिल १९७४ पासून. त्यानंतरच्या राणीवर तीन रेघांचा रोमन आकडा काढला तर तो खोटा. डब्याचा रंग धुवून जातो, परत दिला जातो. पण आकडा आणि अक्षर साल पकडून देतात.

चौथा नियम फोटोचा, आणि यात लोक हमखास फसतात. जुने फोटो काळे-पांढरे. लोक बघतात आणि म्हणतात, "हा डबा काळपट दिसतो, म्हणजे निळा असणार." तसं नसतं. जुन्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक नावाची फिल्म असायची. तिला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडं सगळं काळं उतरायचं आणि निळं फिकट. कुंकू लावलेल्या बाईच्या कपाळावर काळा टिळा दिसायचा. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला सगळे रंग कमीअधिक नीट दिसत. १९३० च्या सुमाराला दोन्ही वापरात होत्या. मग एखाद्या फोटोत चंदेरी डब्यावरची लाल पट्टी कोळशासारखी काळी दिसेल, दुसऱ्या फोटोत तीच करडी दिसेल. यावर उपाय एकच. ज्याचा रंग आपल्याला नक्की माहीत आहे अशी वस्तू त्याच फोटोत शोधायची. लाल झेंडी दिसली, आगीसाठी टांगलेल्या तांबड्या बादल्या दिसल्या, तर त्या किती काळ्या उतरल्यात ते आधी बघायचं आणि मग डब्याकडे वळायचं. मी फोटोवरून रंग कधी ठरवत नाही. रेघ कुठून कुठे जाते, खिडकीच्या वर आहे का खाली, किती जाड आहे, एवढंच फोटोला विचारतो. रंग विचारायचा लेखी नोंदीला आणि माणसाला.

आता प्रत्यक्ष रंगवण्याचं. दुकानात मिळणारा चंदेरी रंग घेऊन डबा रंगवला की तो राणीचा दिसत नाही, पत्र्याच्या डब्यासारखा दिसतो. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची बारीक चकती-चकतीसारखी भुकटी असते. खऱ्या डब्यावर ती दिसत नाही, पण सत्त्याऐंशी पट लहान डब्यावर तीच खड्यासारखी चमकते. मी आधी फिकट राखाडी देतो, त्यावर चंदेरीचा अगदी पातळ हात. मग लांबून बघितलं की कल्हई वाटते. निळ्याचंही तसंच आहे. खऱ्या डब्याचा रंग डबीतून तसाच काढून लहान डब्यावर दिला तर तो जास्त काळोखा दिसतो. लहान डबा आपण दोन हातांवरून बघतो, पण मनात तो शेतातून पाहिलेला खरा डबा असतो. मध्ये हवा असते, ऊन असतं, धूळ असते. म्हणून गर्द निळ्यात चमचाभर नव्हे, थेंबभर पांढरा टाकावा लागतो. किती, ते उन्हात धरून ठरवायचं. ट्यूबलाईटखाली ठरवलं तर सकाळी पश्चात्ताप होतो.

सोनेरी रेघ हा सगळ्यांत अवघड भाग. दोन इंच जाडीची रेघ १:८७ ला अर्ध्या मिलिमीटरहून जराच जास्त भरते. ब्रशाने ती येत नाही. पूर्वी नकाशे काढणारे जे रूलिंग पेन वापरत, दोन पात्यांचं आणि स्क्रू असलेलं, ते मी वापरतो. पाती जवळ आणायची, रंग दुधाइतका पातळ करायचा आणि श्वास धरून एका दमात ओढायचं. मध्ये थांबलं की थेंब पडला. सात डब्यांना दोन्ही बाजूंनी रेघा द्यायच्या म्हणजे आठवडा जातो.

आणि शेवटी वडिलांचा नियम. डबा कितीही सुंदर झाला तरी खालच्या अंगाला, चाकांना, चौकटीला तांबूस-तपकिरी भुकटीचा हात द्यायचाच. मी विटेची पूड कापडातून गाळून ब्रशाने फिरवतो. ती दिली नाही तर गाडी शोकेसमधली वाटते. दिली की ती घाट चढून आलेली वाटते.

राणीच्या शेजारी ठेवायला मी एक साधा डबाही केलाय, पाशिंजरचा, विटकरी-डाळिंबी रंगाचा. माझ्या पिढीने बहुतेक प्रवास त्याच रंगात केला. त्या रंगाचं जाणंही आम्ही पाहिलं. नव्वदीच्या दशकात विटकरी डबे जाऊन निळे यायला लागले तेव्हा गावात कुणाला वाटलं, सरकारला निळा आवडतो. कारण वेगळं होतं. जुन्या डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक होता, त्यात नळीतली हवा ओढून घेतलेली असायची आणि हवा आत सोडली की ब्रेक लागायचा. नव्यांना दाबाच्या हवेचा ब्रेक आला. कोणता डबा कोणत्या ब्रेकचा हे लांबून कळावं म्हणून एअर ब्रेकच्या डब्यांना निळा रंग दिला. रंगात अर्थ असतो तो असा. तो कुणाला तरी काहीतरी सांगत असतो. कारखान्यातल्या माणसाला ब्रेक सांगतो, प्रवाशाला वर्ग सांगतो. मुंबईच्या लोकलला पहिल्या वर्गाच्या डब्यावर तिरपे पट्टे असतात, ते हेच सांगतात की इथे कुणी चढायचं आणि कुणी नाही.

चंदेरी आणि निळ्या राणीवर असा पट्टा लागत नव्हता. सगळी गाडीच तशी होती.

म्हणून मी प्रत्येक डब्याखाली लाकडाची पट्टी बसवलीय आणि त्यावर हाताने अक्षरं काढलीयत. चंदेरीखाली आणि गर्द निळ्याखाली लिहिलंय: '१९३०. जी.आय.पी. रेल्वे. पहिला आणि दुसरा वर्ग.' मलई-निळ्याखाली: '१९६६. मध्य रेल्वे.' आणि या दोहोंच्या मध्ये एक पट्टी डब्याशिवायच लावलीय: 'जून १९५५. तिसरा वर्ग सुरू.' शाळेची पोरं बघायला येतात तेव्हा ती रिकामी पट्टी बघून विचारतात, "इथला डबा कुठाय?" मग मी त्यांना बसवून सांगतो. रंगाविषयी विचारायला आलेली पोरं वर्गाविषयी ऐकून जातात.

तुमच्या गावावरून एखादी जुनी गाडी जात असेल, किंवा जात होती आणि आता बंद पडली असेल, तर तिचा रंग लिहून ठेवा. जुन्या माणसांना विचारा, पण रंगाची नावं तुम्ही सुचवू नका. आमसुली म्हणू दे, गेरूसारखा म्हणू दे, शेवाळी म्हणू दे. त्यांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा घ्या. दोघांनी दोन रंग सांगितले तर एकाला खोटं पाडू नका, आधी दोघांना साल विचारा. आणि साल विचारून झालं की आणखी एक विचारा, तो रंग त्यांनी डब्यात चढताना पाहिला का बांधावरून.